अकराची अर्धी

रोज अकरा वाजून दोन मिनिटांनी माझे ओठ हलायचे. आवाज नसायचा. चाळीस सेकंद हलायचे आणि थांबायचे. पुष्कळदा मला स्वतःलाही ते कळत नसे. पुढे जे झालं ते या चाळीस सेकंदांमुळे झालं, म्हणून आधी तेच सांगतो.

माझी बायको प्रमिला हिला कंपवात होता. बाहेरच्या लोकांना हा आजार थरथरणाऱ्या हातांवरून माहीत असतो. घरातल्यांना तो घड्याळावरून माहीत असतो. गोळी वेळेवर गेली तर माणूस चालतं, भाजी चिरतं, भांडतंसुद्धा. वीस मिनिटं उशीर झाला की पाय जमिनीला चिकटतात. एकदा मी जनगणनेच्या कामावर होतो आणि फोन करायला विसरलो. तिची अकराची अर्धी गोळी राहिली. ती ओट्याजवळ उभी होती, तिथेच थिजली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात ती म्हणाली, "पोरांकडून एवढे पाढे पाठ करून घेता. माझ्या गोळ्या पाठ करा की. आणि एकदा म्हणून भागणार नाही, तीनदा म्हणा."

मी गणिताचा मास्तर. पाठ केल्या. आठला पूर्ण, अकराला अर्धी, दोनला पूर्ण, पाचला अर्धी, आठला पूर्ण, झोपताना पांढरी. असं तीनदा. मग वर्गाबाहेर येऊन तिला फोन. शेवटच्या वर्षी तिचा आवाज इतका बारीक झाला की फोनवर ऐकूच येईना. मग मी व्हिडिओवर तिचे ओठ बघून समजून घ्यायचो. 'घेतली' म्हणायची. कधी 'घेतली हो, किती विचाराल' म्हणायची.

गेल्या वर्षी पौषात ती गेली. फोन थांबला, ओठ थांबले नाहीत.

आमचं गाव तालुक्याचं, कापसाच्या पट्ट्यातलं. नगरपरिषदेची शाळा क्रमांक चार. सहावीच्या वर्गात वैदेही नावाची मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यासाठी दोन वर्षांपूर्वी फळ्याच्या वर एक पांढरी पेटी बसवली. पेटीतून मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओलहरी निघतात, शिकवणाऱ्याच्या गळ्यावर आणि जबड्यावर आपटून परत येतात. बोलताना गळ्याची कातडी केसाच्या जाडीपेक्षाही कमी हलते, तेवढं हलणं त्या लहरींना कळतं. वर्गात कितीही गोंगाट असो, मास्तर काय बोलला ते वैदेहीच्या बाकावरच्या पडद्यावर अक्षरांत उमटतं. आम्ही त्या पेटीला कानोसा म्हणायचो. चांगली वस्तू होती, हे मी आजही म्हणतो.

पडद्यावरची अक्षरं जरा मागे पडायची, म्हणून वैदेहीजवळ तहसीन मॅडम बसायच्या. त्या विशेष शिक्षिका. मी फळ्यावर बोलायचो तेच त्या आवाज न करता, ओठ नीट हलवून तिला सांगायच्या. वैदेही त्यांचे ओठ वाचायची. ती सगळ्यांचेच ओठ वाचायची.

मग नियम आला. सरकारी शाळेत शिक्षकाने कुठल्याच धर्माचं पठण, खूण, उच्चार करायचा नाही. परिपाठातली प्रार्थना गेली, तिच्या जागी दोन मिनिटांचं मौन आलं. त्यावर फार कुणी बोललं नाही. पुढे एका वृत्तवाहिनीवर कुणीतरी विचारलं की मौनात मास्तर मनातल्या मनात काय म्हणतात ते कोण तपासणार. महिनाभर तेवढ्यावरच चर्चा झाली. शेवटी प्रत्येक वर्गात आणि परिपाठाच्या व्हरांड्यातही कानोसा बसवला आणि त्याला हे जादा काम दिलं.

माणूस मनात शब्द म्हणतो तेव्हाही जीभ आणि गळा किंचित हलतात. कानोशाला तेही दिसत होतं. पण त्यातून शब्द निघत नव्हते, फक्त लय निघत होती. कुठे लांब, कुठे आखूड, कुठे श्वास. आपण विचार करतो तेव्हा अडखळतो, मागे जातो. वर्षानुवर्षं पाठ असलेलं म्हणतो तेव्हा अडखळत नाही. रोज ठरल्या वेळी, न अडखळता, तेच ते पुन्हा पुन्हा जो म्हणतो तो प्रार्थना म्हणतो, असं त्या पेटीला शिकवलं होतं. ते बहुतेक वेळा खरंही असेल.

दर महिन्याला अहवाल जायचा. त्यात नावं नसायची, शिक्षकांच्या खाजगीपणासाठी म्हणून काढलेली असायची. फक्त खोली आणि वेळ. आमच्या जिल्ह्याचा अहवाल जुलैत फुटला आणि त्या वाहिनीच्या हाती लागला. सर्वांत वर आमची शाळा होती. खोली क्रमांक सहा, रोज अकरा वाजून दोन मिनिटं, चाळीस सेकंद. पाठ केलेले धार्मिक पठण, शक्यता ९१ टक्के.

खोली सहामध्ये त्या तासाला शिक्षक दोन. मी आणि तहसीन पठाण.

वर्गातल्या कॅमेऱ्याची फीतही फुटली होती. कॅमेरा मुलांच्या पाठीमागे होता. मी फळ्याकडे तोंड करून उदाहरण लिहितोय, माझी पाठ दिसते. आणि पुढच्या बाकाशी, चेहरा कॅमेऱ्याकडे, तहसीन मॅडम. त्यांचे ओठ हलताहेत. आवाज नाही.

वाहिनीने त्यांच्या ओठांभोवती लाल गोल काढला आणि चाळीस सेकंद हळू करून तीन मिनिटं दाखवले.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे मुख्याध्यापक गावंडे सरांच्या फोनवर ते बघत होतो. तहसीन मॅडम दाराशी उभ्या होत्या.

"मी तर वैदेहीला सांगत होते," त्या म्हणाल्या. "दुसरी ओळ उतरव म्हणून."

"ते आम्हाला माहीत आहे हो," गावंडे सर म्हणाले. "टीव्हीला कोण सांगेल? ऑफिसला फोन केला मी. म्हणतात, कोणाचा गळा आहे ते बघायला मुंबईची परवानगी लागते, तीस दिवस लागतील. तोवर तुम्ही घरीच राहा बाप्पा. हात जोडतो."

त्या पिशवी उचलून गेल्या. गावंडे सर माझ्याकडे वळले. "इंगोले, तुमचं बरं आहे. वहिनी गेल्यापासून तुम्ही देवाला फूलसुद्धा वाहत नाही. तुमच्यावर कोण संशय घेईल?"

मी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी होते. मी उठून मोरीत गेलो, तोंडात पाणी भरलं आणि अकरा दहापर्यंत तसाच उभा राहिलो.

कारण मला तेव्हाच कळलं होतं. चाळीस सेकंद. वेळ मी घरी घड्याळ लावून मोजली, एकोणचाळीस आली.

मुलीला, अनुजाला, फोन केला. ती पुण्याला असते. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही अजून म्हणता ते?"

"हो."

"ऐका माझं. कुणाला काही सांगू नका. तीस दिवसांनी खरं काय ते आपोआप निघेल."

"तोवर तिचं काय?"

"त्यांनी तुमचा फोटो लावला तर तुमचं काय? तिथे एकटे राहता तुम्ही. आईच्या गोळ्या होत्या म्हणाल, कोण विश्वास ठेवेल? कुठला मंत्र होता म्हणून आयुष्यभर विचारतील."

तिचं चूक नव्हतं. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तहसीन मॅडमचे मिस्टर रफिकभाई यांच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानासमोर पंचवीस-तीस लोक आले आणि त्यांनी दुकान बंद करायला लावलं. तिसऱ्या दिवशी उलट बाजूच्या वाहिनीने तहसीन मॅडमच्या बाजूने मोर्चा जाहीर केला, त्याने आणखी घाण झाली. दोन्ही वाहिन्यांना तोच लाल गोल हवा होता. चौथ्या दिवशी त्यांच्या घरावर दगड आले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी होती. रफिकभाईंनी दार थोडंसं उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं. खिडकीला गादी लावून ठेवली होती. तहसीन मॅडम जमिनीवर बसून काचा वेचत होत्या.

"सर, चहा ठेवू?"

"नको."

"वैदेहीला गुणाकार समजला का? दशांश चिन्ह कुठे द्यायचं त्यात ती गोंधळते."

मी म्हणालो, समजला.

"सर, एक सांगू," त्या म्हणाल्या. "मी वर्गात कधी प्रार्थना केली नाही. घरी करते. पण आता चार दिवस झाले, सारखी मनात दुवा येते. भीती वाटली की येतेच ना. मग वाटतं, ही पेटी इथेही असेल तर? फोनमध्येही असला रडार असतो म्हणतात. मी फोन भांड्यात ठेवून वर झाकण लावते. हसू नका."

मला हसू येत नव्हतं. त्यांच्या हातात काचेचा तुकडा होता आणि हात अगदी प्रमिलासारखा थरथरत होता. तेवढं मला बघवलं नाही.

"मॅडम, अकरा दोनचं ते माझं आहे," मी म्हणालो.

मग गोळ्यांचं सगळं सांगितलं. रफिकभाई भिंतीला टेकून उभे होते, ते खाली बसले. तहसीन मॅडमनी काच कागदावर ठेवली.

"चार दिवस लागले तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"भीती वाटली."

"मलाही वाटत होती," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा काचा वेचू लागल्या.

सोमवारी खोली सहामध्ये चाचणी ठेवली. शिक्षण कार्यालयातले दोन अधिकारी, गावंडे सर, तहसीन मॅडम, वाहिनीची एक बातमीदार आणि तिचा कॅमेरावाला. पेटी बनवणाऱ्या कंपनीकडून ऋतुजा नावाची इंजिनियर आली होती, अनुजाच्याच वयाची. मुलं नेहमीसारखी बसवली, कारण रिकाम्या वर्गात चाचणी ग्राह्य नाही म्हणे.

साडेदहाला अधिकारी म्हणाले, "करा सुरू. मनात म्हणा."

मी म्हणायला गेलो आणि येईना. पूर्ण, अर्धी, सगळं उलटसुलट झालं. ऋतुजाने चाचणीसाठी लावलेल्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. बातमीदार कॅमेरावाल्याकडे बघून हसली. मला वाटलं, आता हे म्हणणार की मास्तर त्या बाईला वाचवायला खोटं बोलतोय, आणि आज रात्री दोन घरांवर दगड येतील.

ऋतुजा जवळ आली. "सर, तुम्ही ठरवून म्हणताय म्हणून येत नाही. तुम्ही शिकवा. अकरा वाजू द्या."

मी खडू घेतला. फळ्यावर दशांश अपूर्णांकांची उदाहरणं लिहायला लागलो. तिसरं उदाहरण लिहीत असताना मागे कुणीतरी श्वास ओढला. मी वळून पाहिलं. पडद्यावर ओळ होती. पाठ केलेले धार्मिक पठण, शक्यता ९१ टक्के. घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

"आता तेच मोठ्याने म्हणा," अधिकारी म्हणाले.

ते मी प्रमिलाशिवाय कुणासमोर मोठ्याने म्हटलं नव्हतं. चाळीस मुलांसमोर म्हटलं. आठला पूर्ण, अकराला अर्धी. तीनदा. ऋतुजाने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. दोन्ही रेघा बसल्या, कुठे फट राहिली नाही.

"म्हणजे औषधं?" बातमीदाराने विचारलं.

"हो."

"तुमच्या मिसेस तर वारल्या ना?"

"हो."

"मग आता काऊन म्हणता?"

मी फळा पुसायला लागलो. तिने कॅमेरावाल्याला खूण केली आणि त्याने दिवा बंद केला. यात त्यांना काही नव्हतं. संध्याकाळी पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकत गेली की खोली सहामधला प्रकार तांत्रिक गैरसमज होता. लाल गोल काढणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितली नाही. पण दुकान उघडलं, तहसीन मॅडम कामावर आल्या. मला वाटलं, सुटलो.

तीन आठवड्यांनी ऋतुजा परत आली. एकटीच, शाळा सुटताना. आम्ही दोघं रिकाम्या वर्गात जायला लागलो तशी ती दाराशीच थांबली. "आत नको," म्हणाली. मग आम्ही शाळेच्या मैदानात, पेटीपासून लांब, लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो.

"सर, तुम्हाला कळायला हवं म्हणून आले. कंपनीला माहीत नाही."

"काय झालं?"

"आमच्याकडे बिनआवाजाच्या बोलण्याचे ढीग होते. लाखो तास. पण एकाचंही उत्तर नव्हतं. मनात काय म्हटलं ते खरंखुरं कोण सांगतो? विचारलं की माणसं खोटं सांगतात, नाहीतर ठरवून म्हणतात, मग गळा वेगळाच हलतो. तुम्हाला नाही का, साडेदहाला आलं नाही?"

"हो."

"तुम्ही चारशे चाळीस दिवस तेच म्हणत होता, रोज तीनदा."

"एक हजार तीनशे वीस वेळा," मी म्हणालो. गुणाकार आपोआप झाला.

"आणि मग त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच्या तोंडाने दिलंत. साक्षीदारांसमोर. कुठला आवाज मनात म्हणताना कसा दिसतो, हे यंत्राला पहिल्यांदा कळलं. एवढ्या एका ओळीतून निम्मे आवाज मिळाले. उरलेले त्याने स्वतःच जुळवले, शब्दकोड्यात एक शब्द सापडला की बाकीचे सुटत जातात तसे. नऊ दिवस लागले." ती झाडाच्या खोडाकडे बघत होती. "आता लय नाही दिसत सर. शब्द दिसतात."

मी म्हणालो, "मी ते मागे घेतो. माझी परवानगी नव्हती."

"चाचणीच्या कागदावर तुमची सही आहे," ती म्हणाली.

सही होती. तहसीन मॅडम सुटाव्यात म्हणून मी त्या कागदावर न वाचता सही केली होती. पोरांना मी वर्षभर सांगतो की उदाहरण आधी पूर्ण वाचा.

पुढच्या सोमवारी नोटिसा आल्या. शाळेत शिक्षक अकरा, नोटिसा नऊ. प्रत्येकीत तारीख, वेळ, आणि मनात म्हटलेलं वाक्य, अवतरणचिन्हांत. गावंडे सरांच्या नोटिशीत होतं, 'गजानना, पोषण आहाराची तपासणी सुखरूप पार पडू दे.' ते वाचून सर आधी हसले. मग त्यांनी तो कागद घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला. तहसीन मॅडमनी आपला कागद माझ्यापुढे धरला. कामावर परत आल्याच्या पहिल्या दिवसाची तारीख होती. 'या अल्लाह, आज दगड नको.' खाली लिहिलं होतं, सात दिवसांत खुलासा करावा.

"याचा खुलासा काय लिहू सर?"

मी तो कागद त्यांच्या हातून घेतला आणि पुन्हा वाचला.

"तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "राग आला तरी मनात ठेवता येणार नाही आता. म्हणून नाही म्हणते."

माझी नोटीस आली नाही. माझ्या ओळीपुढे अहवालात 'औषधे, निर्दोष' असं लिहिलेलं होतं. तेच सगळ्यात वाईट वाटलं.

वाहिनीवर आता रोज एका शाळेचं एक वाक्य दाखवतात. कधी या धर्माचं, कधी त्या. खाली लोक शिव्या देतात. कुठल्या तरी गावातल्या एका मास्तरच्या मनात प्रार्थनाही नव्हती, साहेबाला दिलेली शिवी होती, ती दाखवली. तोही निलंबित झाला. मुलांवर संस्कार काय होतील म्हणून घरच्या शिकवण्यांनाही पेटी लावावी, अशी मागणी निघाली आहे. मी घरी प्रमिलाच्या फोटोसमोर बसतो तेव्हा फोन बाहेर अंगणात ठेवतो. तरीही तोंडावर हात धरून बसतो.

उपाय मीच सांगितला, हे कबूल करतो. तोंड रिकामं ठेवायचं नाही. मौनात, शिकवताना थांबलं की, भीती वाटली की, पाढा म्हणायचा. दोनचा, पाचचा चालत नाही, तो जीभ आपली आपण म्हणते आणि मन मोकळं राहतं. एकोणतीसचा लागतो. मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत फळा लावला आणि सगळ्यांकडून एकोणतीसचा पाठ करून घेतला. गावंडे सर एकोणतीस साते दोनशे तीनला अडकायचे. तहसीन मॅडमनी दोन दिवसांत पाठ केला. आता परिपाठाच्या मौनात आम्ही अकरा जण ओळीत उभे असतो, डोळे मिटलेले, आणि पेटीच्या अहवालात फक्त आकडे उमटतात. कार्यालयाने आम्हाला आदर्श शाळा म्हटलं आहे.

माझ्या गोळ्या तर निर्दोष होत्या, त्या म्हणायला मला मुभा होती. पण पेटी आता ते शब्दांत लिहिते, वेळेसकट. आठला पूर्ण, अकराला अर्धी. ते कुठल्या तरी कार्यालयात कुणीतरी वाचतं. ज्या ओळीने हे यंत्र शिकलं ती ओळ त्याला पुन्हा ऐकवायची नाही, असं मी ठरवलं. अकराला एक मिनिट उरलं की मी पाढा सुरू करतो.

पहिले काही दिवस ओठ ऐकत नव्हते. मधेच अर्धी, पूर्ण यायचं. काल पहिल्यांदा नीट जमलं. मी फळ्यावर लिहीत होतो, अकरा वाजून पाच मिनिटं झाली आणि मला कळलं की ते आलंच नाही. मी खडू ठेवून वळलो. वैदेही माझ्याकडेच बघत होती. तहसीन मॅडमकडे नाही, पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मी फळ्याकडे वळण्याआधी आणि परत मुलांकडे वळल्यावर ती रोज तशी बघत असणार. दोन वर्षं.

तिने वहीत काहीतरी लिहिलं, वही उचलून माझ्याकडे धरली. कागदावर लिहिलेलं पेटीला वाचता येत नाही.

'सर, आज अकराची अर्धी दिली नाही?'

मी नाही म्हणून मान हलवली. तोंड उघडलं नाही. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. ती वाट बघत राहिली.